घरच्या घरी डंजन्स अँड ड्रॅगन्स: पहिली संध्याकाळ कशी जमवायची

"गुऱ्हाळाचं दार अर्धवट उघडं आहे. आतून काकवीचा वास येतोय आणि कुणीतरी हमसून हमसून रडतंय. काय करता?"

डंजन्स अँड ड्रॅगन्स हा अख्खा खेळ त्या शेवटच्या दोन शब्दांवर चालतो. एकजण प्रसंग उभा करतो, त्याला डंजन मास्टर किंवा नुसतं डीएम म्हणतात. बाकीचे प्रत्येकी एक पात्र घेतात आणि ते पात्र काय करणार हे तोंडाने सांगतात. जे सहज होण्यासारखं आहे ते होतं. जमेल की नाही अशी शंका आली की फासा पडतो. पट लागत नाही, सोंगट्या लागत नाहीत आणि शेवटी कुणी जिंकलं किंवा हरलं असंही नसतं. तीन तासांनी सगळ्यांची मिळून एक गोष्ट तयार होते आणि ती पुढे कित्येक महिने व्हॉट्सॲप ग्रुपवर निघत राहते.

आपल्याकडे बरेच जण या खेळापर्यंत 'स्ट्रेंजर थिंग्ज'मुळे पोचले. २०१६ साली आलेल्या या मालिकेच्या पहिल्याच भागात चार मुलं तळघरात बसून हा खेळ खेळतात. ते बघून हात शिवशिवतात. मग जाड जाड पुस्तकं मागवली जातात, रंगवायच्या छोट्या मूर्ती येतात, यूट्यूबवर दुसऱ्यांचे खेळ तासन्‌तास बघून होतात आणि वर्ष उलटलं तरी खेळायला काही कुणी बसत नाही. म्हणून या लेखात उलट क्रम धरलाय. येत्या रविवारी चार वाजता बसायचं, हे आधी ठरवा. पुस्तकं नंतर.

पहिली पायरी: माणसं जमवा

डीएम धरून चार जण उत्तम, पाच चालतील. सात जण हौसेने तयार झाले तरी दोन गट करा. मारामारी सुरू झाली की प्रत्येकाची पाळी येते आणि सहा जणांची पाळी फिरून येईपर्यंत सातवा माणूस मोबाइलमध्ये शिरलेला असतो. त्यात त्याचा काही दोष नाही.

फक्त कॉमिक्स आणि फँटसी वाचणारे मित्रच शोधत बसू नका. या खेळाला लागतो तो बोलका माणूस. लोकलमध्ये अनोळखी बाईला पाच मिनिटांत लोणच्याची कृती विचारणारी मावशी, भाजीवाल्याशी तत्त्वासाठी घासाघीस करणारे काका, 'पण असं झालं तर?' हे विचारून वर्गात सगळ्यांना हैराण करणारी भाची, ही सोन्यासारखी माणसं आहेत. त्यांना नियम येत नाहीत ही अडचण नव्हे, फायदा आहे. नियम माहीत असलेला माणूस कागदावर बघतो की आपल्याला काय काय करता येतं. मावशी सरळ विचारते, "त्या राक्षसाची बायको कुठे असते?" आणि खेळ भलत्याच छान वाटेला लागतो.

बोलावताना वेळ स्पष्ट सांगा: चार ते सात, मध्ये चहा आणि भडंग. 'कितीही वेळ चालतो' असं म्हटलंत की अर्धे जण येत नाहीत.

घरातल्या मोठ्यांनी फासे बघून भुवया उंचावल्या तर ते साहजिक आहे, फाशांमुळे काय झालं ते महाभारत ऐकून वाढलेल्या प्रत्येकाला ठाऊक असतं. इथे पैसे लावत नाहीत आणि कुणी कुणाला हरवत नाही, हे सांगा आणि त्यांनाही शेजारी बसवा. १९८० च्या दशकात अमेरिकेतही हा खेळ मुलांना सैतानाच्या नादी लावतो अशी मोठी ओरड झाली होती. पालक घाबरले, टीव्हीवर चर्चा झाल्या, पण त्या भीतीला आधार काही सापडला नाही. एक डाव शेजारी बसून पाहिलेल्या आजीची शंका अर्ध्या तासात फिटते. तासाभराने ती पात्रांना सल्ले देऊ लागते.

दुसरी पायरी: फासे, किंवा हाउजीचा डबा

या खेळाच्या संचात सात फासे असतात. चार, सहा, आठ, बारा आणि वीस बाजूंचा प्रत्येकी एक, आणि दहा बाजूंचे दोन. दहाचे दोन एकत्र टाकले की १ ते १०० मधला आकडा मिळतो, कारण त्यातल्या एकावर दशक लिहिलेले असतात. चार, सहा, आठ, बारा आणि वीस हे पाच आकार म्हणजे भूमितीत शिकवतात ते प्लेटोचे पाच घन, सगळ्या बाजू तंतोतंत सारख्या. दहाचा फासा त्या कुळातला नाही. वीसचा फासा हातात घेऊन नीट बघा: समोरासमोरच्या बाजूंची बेरीज दर वेळी २१ येते. १ च्या पाठीला २०, २ च्या पाठीला १९. हा फासा तळहातावर घोळवत बसण्यात एक वेगळंच सुख आहे आणि बहुतेक जण या छंदात अडकतात ते तिथेच.

संच ऑनलाइन मिळतो. पण रविवारपर्यंत आला नाही म्हणून बेत रद्द करू नका. माळ्यावरून हाउजीचा डबा काढा. १ ते २० आकडे एका कापडी पिशवीत घाला आणि दर वेळी एक काढा. झाला वीसचा फासा, शक्यता अगदी तेवढ्याच. फक्त काढलेला आकडा परत पिशवीत टाकून ती हलवायची, नाहीतर वीस एकदा निघाला की पुन्हा यायचाच नाही. आठचा फासा हवा तर १ ते ८ ची दुसरी पिशवी. सहाचा फासा सापशिडीच्या खोक्यात असतोच. फोनवर फासे टाकणारी ॲप्सही आहेत, पण मी ती टाळतो. फासा घरंगळत कपाटाखाली गेल्यावर पाच माणसं पालथी पडून टॉर्च मारतात आणि 'कपाटाखालचा धरायचा की नाही' यावर वाद घालतात, ते ॲपमध्ये होत नाही. (कपाटाखालचा धरू नका. परत टाका.)

तिसरी पायरी: एवढेच नियम

आधी थोडं मागे जाऊ, कारण त्याने पुस्तक बघून येणारी धास्ती कमी होते. हा खेळ जानेवारी १९७४ मध्ये अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात, लेक जिनिव्हा नावाच्या छोट्या गावातून बाहेर पडला. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन हे त्याचे दोन कर्ते. पहिली छपाई १००० प्रतींची होती. दोघंही टेबलावर छोट्या सैनिकांच्या फौजा मांडून लढाया खेळणारे. आर्नेसनने आपल्या मंडळींना फौजेऐवजी एकेकच माणूस सांभाळायला दिला, आणि तो माणूस एका लढाईतून दुसरीत जाऊ लागला, शिकू लागला, श्रीमंत होऊ लागला. हा सगळा खेळ त्या एका बदलातून आला. आजच्या नियमांत लढाईचा भाग एवढा का, याचंही उत्तर तेच: घराणंच लढाईच्या खेळांचं आहे. तुमच्या पहिल्या संध्याकाळी मात्र एखादी चकमक पुरे, त्यामुळे बराच मोठा भाग बिनधास्त बाजूला ठेवता येतो.

आज हा खेळ हॅस्ब्रो या खेळणी कंपनीच्या मालकीच्या विझर्ड्स ऑफ द कोस्ट या कंपनीकडे आहे. पाचवी आवृत्ती २०१४ मध्ये आली आणि तिची सुधारित पुस्तकं २०२४ मध्ये. मूळ नियमांचा मोठा भाग कंपनीने २०२३ साली क्रिएटिव्ह कॉमन्स या, कुणालाही वापरू देणाऱ्या परवान्याखाली खुला केला. तो पीडीएफ फुकट आणि कायदेशीर मिळतो, म्हणून चोरलेल्या प्रतींच्या मागे लागायचं कारण नाही. २०१४ चे आणि २०२४ चे नियम एकाच टेबलावर कालवू नका, नुसते वाद होतात. मी खाली जे आकडे देतोय ते २०१४ चे.

प्रत्येक पात्राचे सहा गुण असतात: ताकद, चपळाई, दमसास, बुद्धी, समज आणि छाप पाडण्याची कला. इंग्रजीत या शेवटच्याला करिष्मा म्हणतात आणि टेबलावर आपणही तेच म्हणतो. नव्या पात्राला १५, १४, १३, १२, १० आणि ८ हे सहा आकडे हवे तसे वाटायचे. गुणातून १० वजा करून निम्मं केलं, अर्धा आला तर खाली ओढला, की मॉडिफायर, म्हणजे फाशाच्या आकड्यात मिळवायचा आकडा, मिळतो. १५ आणि १४ चा अधिक २, १३ आणि १२ चा अधिक १, दहाचा शून्य, आठचा उणे १. पात्राला एखाद्या गोष्टीचा खास सराव असेल तर आणखी २. वंशानुसार गुणांत थोडी भर पडते, ती पहिल्या दिवशी सोडून द्या.

आता मुख्य यंत्र. डीएम मनात एक आकडा धरतो. सोप्या कामाला १०, मध्यम कामाला १५, अवघडला २०. खेळाडू वीसचा फासा टाकतो, मॉडिफायर मिळवतो आणि बेरीज त्या आकड्याइतकी किंवा जास्त आली की जमलं. भुजंगा नावाचा लढवय्या धरा, ताकद १५, अंगमेहनतीच्या कामाचा सराव, म्हणजे एकूण अधिक ४. त्याला ओल्या भिंतीवर चढायचंय, काम मध्यम, १५ हवेत. म्हणजे फाशावर ११ किंवा वर. बरोब्बर निम्मी शक्यता.

आणि या आवृत्तीतला माझा सगळ्यात लाडका नियम: परिस्थिती पात्राच्या बाजूने असेल तर फासा दोनदा टाकायचा आणि मोठा आकडा घ्यायचा. भुजंगाला वरून कुणी दोर सोडला, तर त्याची ५० टक्क्यांची शक्यता ७५ वर जाते. उलट पाऊस पडत असेल तर दोनदा टाकून लहान आकडा घ्यायचा, आणि शक्यता २५ वर येते. यामुळे लोक डोकं चालवू लागतात. दोर कुठे मिळेल, तेल कुणाकडे आहे, पहारेकऱ्याचं लक्ष दुसरीकडे कसं वळवायचं, असं सगळं सुरू होतं.

फासा कधी टाकायचा नाही, हे शिकणं जास्त महत्त्वाचं. दार उघडं आहे, कुणी अडवत नाही, घाई नाही: मग टाकू नका, दार उघडलं म्हणून सांगा. आणि जे अशक्य आहे त्यालाही टाकू नका. फाशावर स्वच्छ वीस पडला, ज्याला सगळे नॅट ट्वेंटी म्हणतात, की काहीही घडू शकतं असा मोठा गैरसमज आहे. हल्ला करताना वीस पडला तर वार हमखास लागतो आणि इजेचे फासे दुप्पट टाकायचे, एवढंच. वीस पडला म्हणून राजा सिंहासन सोडून उठत नाही. तरीही वीस पडल्यावर सगळ्यांनी आरडाओरडा करायचा, तो टेबलाचा हक्क आहे.

चौथी पायरी: पात्रं आधीच तयार ठेवा

नवीन माणसांना बसवून पात्र तयार करायला सांगितलंत तर दोन तास त्यातच जातात. चार पात्रं तुम्हीच पाठकोऱ्या कागदांवर लिहून ठेवा: एक लढवय्या, एक चोरपावलांचा, एक देवाचं नाव घेऊन जखमा भरून काढणारी, एक मंत्र घोकलेली. वर नाव आणि सहा गुण, मध्ये जीव किती, म्हणजे हिट पॉइंट्स, आणि खाली सामान. सामान अगदी बारीकसारीक लिहा: वीस हात दोर, चकमक, चार भाकऱ्या, तेलाची बुधली, फुटका आरसा. मंत्र आणि तलवारी लोक विसरतात, फुटका आरसा कुणी विसरत नाही. शेवटच्या अर्ध्या तासात तो बाहेर येतोच.

आकड्यांपेक्षा एक ओळ जास्त उपयोगी पडते: हे पात्र कशाला नाही म्हणू शकत नाही? 'भुजंगा पैज आली की मागे हटत नाही.' 'सोनसळीला बंद पेटी दिसली की झोप लागत नाही.' खेळाडूला काय करावं सुचेना की तो या ओळीकडे बघतो आणि गाडी चालू होते.

नावं आणि बोली खुशाल आपल्या घ्या. ड्वार्फ, म्हणजे या खेळातला बुटका दणकट गडी, वऱ्हाडीत बोलला, जादूगारीण मालवणीत फणकारली, तर खेळ अधिक घट्ट होतो, कारण माणूस आपल्या तोंडात बसलेल्या भाषेत पटकन खोटं बोलू शकतो, आणि इथे सारखं खोटं बोलावं लागतं.

पाचवी पायरी: एक गोष्ट, तीन जागा

डीएमने कादंबरी लिहून आणायची नसते. खेळाडू तिसऱ्याच मिनिटाला तिच्याबाहेर पडतात. तीन जागा आणि प्रत्येकाला काय हवंय, एवढं पुरतं. पहिल्या रविवारी ही गोष्ट तशीच्या तशी वापरा.

ऊसपट्ट्यातलं गाव. हंगाम ऐन भरात. रात्रीतून गुऱ्हाळातली काहील चोरीला गेली आहे. काहील म्हणजे उसाचा रस उकळायची ती अवाढव्य पसरट कढई, रिकामी असली तरी एकट्यादुकट्याने हलत नाही. पहिली जागा गुऱ्हाळ. चुलवाण थंड, बाहेर चिपाडाचा ढीग, आणि आत म्हातारा गुळव्या रडतोय. त्याला काहील परत हवी आहे, आणि त्याहून जास्त त्याला हे हवंय की चोरीच्या रात्री तो पहाऱ्यावर झोपला होता हे मालकाला कळू नये.

दुसरी जागा उसाचं रान. इथे खूण आहे: जमिनीत एकच खोल चर आणि दोन्ही बाजूंना आडवा झालेला ऊस. काहील काठावर उभी करून चाकासारखी गडगडत नेली आहे. हे मात्र तुम्ही सांगायचं नाही. चर दाखवा आणि गप्प राहा. कुणीतरी एकदम ओरडेल, "अरे, गडगडवत नेली!" तो क्षण त्यांचा आहे, फासा मागून तो हिरावू नका.

तिसरी जागा ओढ्यापलीकडची गुहा. आत पाच गॉब्लिन, म्हणजे बुटके उपद्रवी राक्षस, आणि त्यांचा सरदार. त्यांनी एकदा सांडलेली काकवी चाखली आणि आता त्यांना स्वतःचा गूळ करायचाय. पण जमत नाही. कधी करपतो, कधी घट्टच होत नाही. भेंडीचा चिकट रस घालून मळी वर आणायची, रस आटत आला की थेंब गार पाण्यात टाकून गोळी बनते का बघायचं, हे त्यांना कुणी शिकवलेलंच नाही. सरदार हताश आहे.

आता बघा, या गोष्टीचा शेवट मी लिहिलेला नाही. मारामारी करून काहील आणता येते. रात्री गुपचूप पळवता येते, फक्त ती गडगडताना आवाज फार होतो. गुळव्याला गुहेत नेऊन गॉब्लिनना गूळ शिकवता येतो. गॉब्लिनना गुऱ्हाळावर कामाला लावता येतं. याच गोष्टीत एका टेबलाने सहकारी संस्था काढून सरदाराला चेअरमन केलं होतं आणि मारामारी झालीच नाही, तरी सात कसे वाजले कळलं नाही.

सहावी पायरी: बसा आणि बोला

सुरुवातीला दोन मिनिटं एक गोष्ट बोलून घ्या: कुणाला काय नकोय. कुणाला कोळी सहन होत नाहीत, कुणाला लहान मुलांना इजा झालेली नको असते. टेबलाच्या मध्यभागी फुली मारलेला एक कागद ठेवा. कुणी त्याला हात लावला की तो प्रसंग तिथेच सोडायचा, कारण विचारायचं नाही. मोठी माणसंही याने निर्धास्त होतात.

मग सुरू. प्रत्यक्षात ते असं ऐकू येतं:

डीएम: ओढ्याच्या काठी चर संपतो. समोर गुहेचं तोंड आहे. बाहेर एक गॉब्लिन पहाऱ्याला बसलाय, पण त्याचं सगळं लक्ष बोटं चाटण्यात आहे.

भाऊ: मी मागून जाऊन त्याचं नरडं धरतो.

मावशी: थांब रे जरा. मी समोरून जाते. "काय रे बाळा, जेवलास का?"

डीएम: तो दचकतो. भाला उचलतो, पण रोखत नाही. म्हणतो, "तीन दिवस नुसता गूळच."

मावशी: माझ्या कागदावर भाकऱ्या लिहिल्यात ना? अर्धी देते त्याला. आणि विचारते, आत कितीजण आहात.

डीएम: फासा टाक मावशी, आणि करिष्मा मिळव. भाकरी दिलीस, म्हणून दोनदा टाक, मोठा घे.

मावशी: आठ... आणि सतरा!

डीएम: तोंड भरलेलं असतानाच तो सांगतो, "आम्ही पाच. सरदार रडतोय, त्याला धरलं तर सहा."

एवढ्यात डीएमने काय काय केलं ते नीट पाहा. प्रसंग तीन वाक्यांत संपवला. मावशीने अनपेक्षित काही केलं तेव्हा 'असं नाही करता येत' म्हटलं नाही. भाकरी तिच्या कागदावर आहे म्हणून तिला फायदा दिला. आणि गॉब्लिनच्या तोंडी अशी एक गोष्ट ठेवली की पुढे जायची ओढ लागावी. नवा डीएम बहुतेक वेळा वर्णनात अडकतो, भिंतीचा रंग, मशालींची संख्या. त्याऐवजी एकच गोष्ट सांगा, पण चिकट सांगा: चाटलेली बोटं.

फासा चुकीचा पडला तर गोष्ट थांबू देऊ नका. 'स्ट्रेंजर थिंग्ज'च्या त्या पहिल्या प्रसंगात चार मुलांपैकी विलला १३ हवे असतात आणि पडतात ७. मालिका तिथे संपत नाही, तिथून सुरू होते. मावशीला आठ आणि पाच पडले असते तर गॉब्लिन 'नाही सांगत' म्हणून गप्प बसला नसता. तो भाकरी घेऊन आत पळाला असता आणि आतून पाच जण भाकरी मागत बाहेर आले असते. अपयशाने नवीन भानगड उभी राहिली पाहिजे.

गप्प बसलेल्या खेळाडूला नावाने हाक मारा, त्याच्या पात्राच्या नावाने. "सोनसळी, हे सगळं चाललंय तेव्हा तू कुठे आहेस?" एवढं पुरतं.

सातवी पायरी: मारामारी झालीच तर

सगळे वीसचा फासा टाकतात, चपळाई मिळवतात, मोठ्या आकड्यापासून पाळ्या लागतात. ही यादी मोठ्या अक्षरात सगळ्यांना दिसेल अशी लिहा. आपल्या पाळीत प्रत्येकाने थोडं चालायचं आणि एक काम करायचं. वार करायचा तर वीसचा फासा अधिक मॉडिफायर, आणि समोरच्याच्या चिलखताचा आकडा, म्हणजे त्याला वार लागायला हवी ती बेरीज, गाठायचा. गॉब्लिनचा हा आकडा १५, जीव ७. त्याचा वार लागला तर सहाचा फासा अधिक २, म्हणजे ३ ते ८ इजा.

हे आकडे साधे वाटतात, पण पहिल्या पातळीच्या, म्हणजे नव्याकोऱ्या, मांत्रिकिणीचा जीव जेमतेम ७ असतो. वार लागला आणि सहाच्या फाशावर ५ किंवा ६ पडला की ती आडवी. म्हणून तीन खेळाडूंसमोर एका वेळी तीनच गॉब्लिन आणा, बाकीचे काहील ढवळत राहू द्या. जीव शून्यावर आला म्हणजे पात्र मेलं असं नाही, ते बेशुद्ध पडतं. दर पाळीला वीसचा फासा, १० किंवा वर आला तर बरं, खाली आला तर वाईट. तीन बरे आले की धोका टळला, तीन वाईट आले की संपलं. त्या फाशांच्या वेळी टेबलावर जी शांतता पसरते ती मी भारत-पाकिस्तान मॅचच्या शेवटच्या षटकातही पाहिलेली नाही.

गॉब्लिन शेवटचा पडेपर्यंत लढवू नका. त्यांनाही जीव प्यारा असतो. दोन पडले की उरलेले पळतात, शरण येतात, नाहीतर सौदा करतात. नियम आठवला नाही तर पुस्तक उघडायचं नाही. बरं वाटेल तो निर्णय द्या, कागदावर टीप करा, घरी जाऊन बघा.

आठवी पायरी: कुणी उठायच्या आधी

सातला दहा मिनिटं कमी असताना थांबा, प्रसंग अर्धवट असला तरी. सगळ्यांना एकेक प्रश्न विचारा: आज कुठे मजा आली, आणि तुझ्या पात्राला पुढे काय हवंय. उत्तरं लिहून घ्या. पुढच्या वेळची तयारी तिथेच होते, वेगळं काही सुचवायला लागत नाही.

मग कॅलेंडर काढा. चार मोठ्या माणसांची एक मोकळी संध्याकाळ जुळवणं, हा या छंदातला सगळ्यात अवघड शत्रू आहे. लग्नसराई, दहावीचे क्लास, गावाकडची जत्रा, ऑफिसचं रिलीज, सगळं त्याच रविवारी येतं. 'ग्रुपवर ठरवू' यावर जाऊ नका. तारीख चपला घालायच्या आधी ठरवा, शक्यतो ठरलेला वार: महिन्याचा दुसरा आणि चौथा रविवार. एकजण नसेल तरी खेळायचं, हा नियम पहिल्याच दिवशी करा. गैरहजर माणसाचं पात्र त्या दिवशी तापाने फणफणून झोपडीत पडलंय असं समजा. दोघं नसतील तर मुख्य गोष्ट पुढे न नेता गुऱ्हाळाच्या आसपासचंच काहीतरी लहान खेळा. फासे, कागद आणि आकड्यांची पिशवी हे सगळं एकाच डब्यात घालून ज्याच्या घरी खेळता तिथेच ठेवा, म्हणजे 'अरे, कागद माझ्या बॅगेत राहिले' हा फोन पुढच्या रविवारी चार वाजता येणार नाही.